सोलापूर, सोल्लापुर, शोलापूर

सोलापूर शहराचे नाव एकच असले तरी ते उच्चारायच्या तऱ्हा तीन आहेत. मराठी माणूस 'सोलापूर' म्हणतो. शब्द शेवटच्या 'र'वर थांबतो आणि त्याआधीचा 'पू' लांबतो. कन्नड बोलणारा 'सोल्लापुर' म्हणतो. त्याचा 'सो'मधला ओ तोकडा, 'ल' दुहेरी आणि शेवटच्या 'र'मध्ये पुरता 'अ' भरलेला. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत गावाचे नाव शोलापूर आहे, आणि तेलुगू लेखनात हे 'शो'चे रूप आजही दिसते. यातला एक उच्चार खरा आणि बाकीचे बिघडलेले, असे मात्र नाही. प्रत्येकामागे त्या त्या भाषेचा कायदा उभा आहे, आणि बोलणाऱ्याच्या नकळत तो पाळला जातो.

बाराव्या शतकात, संत सिद्धरामेश्वरांच्या काळी, गावाचे नाव सोन्नलिगे होते. 'सोळा गावे मिळून सोलापूर' ही व्युत्पत्ती घरोघरी सांगितली जाते, पण ती ऐकताना 'ळ'कडे कुणी लक्ष देत नाही. मराठी तोंड 'ळ' सहसा सोडत नाही. नाव 'सोळा'वरून पडले असते तर ते 'सोळापूर' म्हणूनच टिकायला हवे होते. एवढ्याने वाद मिटत नाही, पण गावांच्या नावांचा विचार करताना ध्वनीची साक्ष काढावी लागते, ती अशी.

'सो' आणि 'शो' यांतला फरक जिभेच्या काही मिलिमीटर हालचालीचा आहे. 'स्‌स्‌स्' असा आवाज लांबवून धरावा आणि जीभ हळूहळू मागे सरकवावी. मध्येच कुठेतरी त्याचा 'श्' होतो. फुप्फुसातून आलेली हवा एका चिंचोळ्या फटीतून घासत बाहेर पडते, आणि फट दातांजवळ आहे की टाळूजवळ, यावर अक्षर ठरते. बाकीची व्यंजनेही अशाच अडवणुकीतून होतात. जीभ किंवा ओठ हवा कुठे अडवतात, पूर्ण अडवतात की अर्धवट, नाकाचा मार्ग उघडा की बंद, आणि त्या वेळी गळ्यातल्या स्वरतंतूंचे कंपन चालू आहे की नाही, एवढ्या चार प्रश्नांच्या उत्तरांत जगातली बहुतेक व्यंजने बसतात. गळ्याला बोट लावून 'स्‌स्‌स्' आणि मग इंग्रजीतला 'झिरो' म्हणताना येतो तो 'झ्‌झ्‌झ्' म्हणून पाहिले, तर दुसऱ्या वेळी बोटाला थरथर जाणवते. पुरुषांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा कंप पावतात, बायकांचे दोनशेच्या आसपास.

भारतातल्या शाळकरी मुलांना याचा नकाशा पाचव्या-सहाव्या वर्षीच पाठ असतो, फक्त तो नकाशा आहे हे कुणी सांगितलेले नसते. वर्णमालेतला क-वर्ग कंठाजवळचा, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्धेचा, त-वर्ग दातांचा आणि प-वर्ग ओठांचा. म्हणजे पाच ओळी म्हणताना जीभ घशापासून ओठांपर्यंत चालत येते. प्रत्येक ओळीत आधी अघोष, म्हणजे कंपनाविना, मग घोष, म्हणजे कंपनासह, शेवटी अनुनासिक. पाच गुणिले पाच, पंचवीस. रोमन वर्णमालेत 'ए'नंतर 'बी' का येतो याला असे कारण देता येत नाही. उच्चारशास्त्राच्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी स्थान आणि प्रयत्न यांनुसार केलेली ही मांडणी कन्नड, तेलुगू, बंगाली अशा लिप्या वेगळ्या असूनही सगळीकडे तीच आहे.

माणसाच्या तोंडाला शेकडो आवाज काढता येतात, पण कोणतीही भाषा त्यांतले मोजकेच उचलते. हवाई बेटांच्या भाषेचे आठ व्यंजनांवर भागते. मराठी माणूस हळहळताना 'च्‌ च्‌' करून चुकचुकतो, बैलाला हाकताना जिभेने टकटक करतो, पण या आवाजांनी शब्द बनवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू भाषांत हेच चुकचुकणे रीतसर व्यंजन आहे. नेल्सन मंडेला यांची मातृभाषा खोसा होती. उच्चार करता येणे आणि तो अक्षर म्हणून वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो त्यालाच भाषा मोल देते. अशा अर्थभेदक ध्वनीला भाषाशास्त्रात स्वनिम म्हणतात.

'ल' आणि 'ळ' हे याचे घरातले उदाहरण. काल-काळ, माल-माळ, वेल-वेळ, मूल-मूळ. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, तेलुगूचे व्याकरणसुद्धा या फरकावर चालते. 'कालु' म्हणजे एक पाय आणि 'काळ्ळु' म्हणजे अनेक, 'इल्लु' म्हणजे घर आणि 'इळ्ळु' म्हणजे घरे. कन्नडात 'हळ्ळी' म्हणजे खेडे, तर 'हल्ली' म्हणजे पाल. प्रमाण हिंदी आणि उर्दूत मात्र 'ळ' स्वनिम म्हणून नाही. उत्तरेकडून आलेल्या माणसाला मराठी 'वेळ' ऐकू येतो तो 'वेल'च, कारण त्याच्या कानात दोन खण नसून एकच आहे. जपानी माणसाचे इंग्रजी 'र' आणि 'ल'बाबत असेच होते. गंमत म्हणजे वैदिक संस्कृतात 'ळ' होता. ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेतल्या दुसऱ्याच शब्दात, 'ईळे'मध्ये, तो भेटतो. नंतरच्या संस्कृताने त्या जागी 'ड' ठेवला.

ट, ड, ण, ळ या मूर्धन्य ध्वनींची जीभ सगळीकडे सारखीच वळते असेही नाही. पीटर लादेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्ष-किरणांच्या मदतीने बोलणाऱ्यांची जीभ पाहिली. हिंदी बोलणाऱ्याच्या 'ट'मध्ये जिभेचे टोक हिरड्यांच्या मागे टेकते. तमिळ-तेलुगू बोलणाऱ्याची जीभ आणखी मागे वळून तिची खालची बाजू टाळूला लागते. एकच अक्षर कानाला कधी मऊ, कधी ठसठशीत वाटते ते यामुळे.

आता 'च'. मराठीत हे एक अक्षर दोन आवाजांचे काम करते, आणि मराठी माणसाला याची जाणीव परक्याला शिकवायची वेळ आल्याशिवाय होत नाही. 'चार गुरे चार' या वाक्यातला पहिला 'चार' आकड्याचा, टाळूवरचा. दुसरा 'चार' चारण्याचा, दातांजवळचा, 'त्स'कडे झुकणारा. 'जरा थांब' मधला 'जरा' वेगळा आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' वेगळा. व्याकरणात दातांजवळच्या प्रकाराला दंततालव्य म्हणतात. लिहिताना दोन्हींना एकच चिन्ह.

हा फरक वाऱ्यावर सोडलेला नाही. 'त्याचा' म्हणताना 'चा' दातांजवळचा असतो. 'त्याची', 'त्याचे', 'त्याच्या' म्हणताना तो टाळूवर चढतो. माझा-माझी, तुझा-तुझे यांतही तसेच. पुढे इ, ई, ए किंवा य आला की मराठी 'च' तालव्य होतो, कारण हे स्वर काढताना जीभ मुळातच टाळूकडे उचललेली असते आणि व्यंजनाला ती आपल्याबरोबर ओढून नेते. पुढे अ, आ, उ, ओ असेल तर देशी आणि फारसीतून आलेल्या शब्दांत बहुधा दंततालव्य: चाक, चूल, चोर, जोर, बाजार. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला जुमानत नाहीत. चंद्र, चरण, जन, जल टाळूवरच राहतात. 'जनजागृती' म्हणताना वक्त्याची जीभ घसरली की श्रोत्यांना लगेच खटकते, पण काय खटकले ते सांगता येत नाही.

प्रमाण हिंदीत आणि प्रमाण कन्नडात असा दुहेरी 'च' नाही. म्हणून 'चांगला' आणि 'माझा' हे दोन शब्द ऐकले की बोलणाऱ्याची मूळ भाषा मराठी नाही हे अर्ध्या सेकंदात कळते. तेलुगूत मात्र तो आहे, आणि नियमही जवळपास तोच. 'चाला' (पुष्कळ), 'चालु' (पुरे) यांतला 'च' दातांजवळचा, 'चेप' (मासा) यातला टाळूवरचा. तेलुगू लिपीत दंततालव्य च-ज साठी वेगळी अक्षरेही केली गेली, पण रोजच्या लेखनात ती रुळली नाहीत. एरवी दोन भिन्न कुळांतल्या या भाषा, मराठी आर्यकुळातली आणि तेलुगू द्राविड कुळातली, या एका बारीक सवयीत एकमेकींना बिलगलेल्या आहेत. कोकणीही त्याच पंगतीत बसते.

सोलापूरच्या ताटातच याचा पुरावा वाढलेला असतो. ज्वारीला मराठी शेतकरी 'जोंधळा' म्हणतो, तेलुगू बोलणारा 'जोन्न', कन्नड बोलणारा 'जोळ'. पहिल्या दोघांचा 'जो' दातांजवळचा आणि तिसऱ्याचा टाळूवरचा.

इ आणि ए यांची ही ओढ फार जुनी आणि फार दूरवरची आहे. कानाला कन्नडात 'किवि' म्हणतात, तेलुगूत 'चेवि'. हाताला कन्नडात 'कै', तेलुगूत 'चेय्यि'. सिद्धेश्वराच्या देवळाभोवतीच्या तळ्याला कन्नड भाविक 'केरे' म्हणेल आणि तेलुगू भाविक 'चेरुवु'. मूळचा 'क' इ-ए-च्या शेजारी आल्यामुळे तेलुगूत पुढे सरकून 'च' झाला. कन्नडाने तो होता तिथेच ठेवला. रोमन लोक सिसेरो या आपल्या प्रसिद्ध वक्त्याचे नाव 'किकेरो' असे उच्चारत, त्यांचे इटालियन वंशज 'चिचेरोने' म्हणतात. रोम आणि वरंगळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण जीभ दोन्हीकडची सारखीच.

तेलुगू आणि कन्नड यांच्यामधली आणखी एक भिंत दुधाची आहे. तेलुगूत दूध म्हणजे 'पालु', कन्नडात 'हालु'. वाघ 'पुलि' आणि 'हुलि', दहा 'पदि' आणि 'हत्तु'. तेलंगणातल्या गावांच्या नावांत 'पल्ली' येते आणि कर्नाटकातल्या गावांच्या नावांत 'हळ्ळी'. जुन्या कन्नडात हे शब्द 'प'नेच सुरू होत. साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान शब्दारंभीच्या 'प'मधली ओठांची मिठी सुटली आणि नुसता श्वास उरला, 'ह'. असा बदल एका-दोन शब्दांपुरता न राहता रांगेने सगळ्यांना लागू होतो, म्हणूनच त्याला ध्वनिनियम म्हणतात. मराठीनेही 'छ'चे असेच केले आहे. हिंदी 'पूछना' तर मराठी 'पुसणे', हिंदी 'छुरी' तर मराठी 'सुरी', हिंदी 'मछली' तर मराठी 'मासळी'.

सोलापूरचे नाव ज्या धंद्याशी जोडलेले आहे त्याच्या मुख्य साधनाला मराठीत 'माग' म्हणतात. कन्नडात तो 'मग्ग', तेलुगूत 'मग्गम्'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे सोलापुरात येत गेली. त्यांच्या घरात मुख्यतः 'मग्गम्' चालत असे, बाजारात 'माग'. या जोडीत मराठीची एक जुनी खोड दिसते. प्राकृतात जिथे तोकडा स्वर आणि जोडव्यंजन होते तिथे मराठीने व्यंजन एकेरी केले आणि वाचलेला वेळ स्वराला देऊन तो लांबवला. हत्थ-हात, सत्त-सात, कम्म-काम. पंजाबीने जोडव्यंजन सोडले नाही, त्यामुळे अमृतसरला आजही हत्थ, सत्त आणि कम्मच ऐकू येते. द्राविड भाषांत तर व्यंजनाच्या लांबीवर अर्थ टांगलेला असतो. तेलुगूत 'अटु' म्हणजे तिकडे आणि 'अट्टु' म्हणजे तव्यावरचे धिरडे. कन्नडात 'बळि' म्हणजे जवळ आणि 'बळ्ळि' म्हणजे वेल. इटालियन भाषेतही 'फातो' म्हणजे नशीब आणि 'फात्तो' म्हणजे केलेले. जोडव्यंजन म्हणजे दोन वेगळे उच्चार नसून अडवलेली हवा दुपटीच्या जवळपास वेळ धरून ठेवणे होय. मराठीतली नात्यांची नावे, अण्णा, अक्का, अप्पा, ही दक्षिणेच्या शेजाराची देणगी. त्यांतले जोडव्यंजन मराठीने न पिळता ठेवले. अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की गावांच्या नावांतून आणि हाकांतून हा ठसका वाढत जातो.

मराठी शब्द व्यंजनावर बिनदिक्कत थांबतो. 'घर' लिहिले तरी बोलताना शेवटचा 'अ' जवळपास नाहीसा असतो. 'मित्र', 'प्रश्न' अशा जोडाक्षरांनंतर तो ओझरता उरतो. तेलुगूला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून तिला पूर्वेची इटालियन म्हणायची पद्धत पडली. इंग्रजी शब्दांनाही ती शेपूट जोडते: 'बस्सु', 'रोड्डु', 'ब्यांकु', आणि गिरणगावाच्या तोंडचा 'मिल्लु'. जपानी माणूस 'मिल्क'चे 'मिरुकु' करतो तेही याच कारणाने. 'बँक'मधला मराठीने खास चंद्र काढून लिहिलेला ॲ तेलुगू आणि कन्नड लिपीत 'ब्या' होतो.

महाप्राणांची, म्हणजे श्वासाच्या झोतासह येणाऱ्या ख, थ, फ, भ अशा व्यंजनांची, गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण तिच्यावरून माणसांची टिंगल होते. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून 'प' म्हटले तर कपटा जेमतेम हलतो, 'फ' म्हटले तर फडफडतो. ओठ उघडणे आणि स्वरतंतू कंप पावू लागणे यांमध्ये किती वेळ जातो, यावर हा फरक अवलंबून आहे. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६४ साली अकरा भाषांतला हा वेळ मोजला, आणि त्या अकरांत मराठी होती. 'ब'मध्ये कंपन ओठ उघडण्याआधीच सुरू होते, 'प'मध्ये उघडण्याच्या सुमारास, महाप्राण अघोषामध्ये सेकंदाच्या काही शतांश भागांनंतर. 'भ', 'ध', 'घ' मात्र या मोजपट्टीत नीट बसले नाहीत. त्यांत कंपन आणि श्वास एकदमच चालू असतात, त्यामुळे केवळ वेळ मोजून ते 'ब', 'द', 'ग'पासून वेगळे काढता येत नाहीत.

मराठी याही पुढे जाते. म्हैस, न्हावी, कोल्हा, गोऱ्हा यांतले म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह लिहिताना जोडाक्षरे वाटतात, पण कानाला ती श्वासात भिजलेली एकेकच व्यंजने आहेत, आणि असे अनुनासिक जगातल्या फार थोड्या भाषांत आहेत. द्राविड भाषांच्या मूळ शब्दसाठ्यात महाप्राण नव्हतेच. ते संस्कृत शब्दांबरोबर आले आणि लिपीत बसले. बोलीत ते सुटतात. 'भाषा' या शब्दाचे तेलुगूत 'बास' आणि कन्नडात 'बासे' असे देशी रूप होते. त्यामुळे विड्या वळणारी एखादी वयस्क तेलुगू बाई 'भात' न म्हणता 'बात', 'म्हातारा' न म्हणता 'मातारा' म्हणते तेव्हा तो तिच्या भाषेचा नियम मराठीत उतरलेला असतो. अशा उच्चारांना हसणारा मराठी माणूस इंग्रजी बोलताना हेच करत असतो. इंग्रजीत शब्दारंभीचा 'पी' हवेच्या झोतासह येतो. मराठी माणूस तो कोरडा काढतो आणि इंग्रजाच्या कानाला 'पेन'चा 'बेन' ऐकू येऊ शकतो.

स्वरांत कन्नड आणि तेलुगू मराठीपेक्षा काटेकोर. त्यांच्याकडे ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. कन्नडात तोकड्या ओने 'कोडु' म्हटले तर 'दे', लांबवून म्हटले तर 'शिंग'. देवनागरीत मराठीपुरती या फरकाची सोय नाही, म्हणूनच 'सोल्लापुर'मधला तोकडा ओ मराठी कानाला निसटतो. मराठीची ऱ्हस्व-दीर्घ इ-उ मुख्यतः शब्दातल्या जागेवर ठरते: 'मूल' पण 'मुलाला', 'खीर' पण 'खिरीत'. 'दिन' आणि 'दीन' बोलण्यात एकच होतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे पुरवणी ४ यांतला मोठा वाटा या ऱ्हस्व-दीर्घाचाच आहे. कान ज्याला फारशी किंमत देत नाही ते लेखणीला लक्षात ठेवावे लागते, आणि विद्यार्थ्यांचे गुण जातात ते बहुतेक इथेच.

शहराची चौथी भाषा उर्दू, आणि तीही दख्खनी वळणाची. घशाच्या अगदी मागे, पडजिभेशी निघणारा अरबी 'क़' दख्खनीत 'ख़' होतो. काझी 'ख़ाज़ी' होतात. उर्दू लिपीत 'ज़' या एका उच्चारासाठी जाल, जे, ज्वाद आणि जोय अशी चार अक्षरे आहेत. अरबीत ती वेगवेगळी उच्चारली जातात. उर्दूने अक्षरे ठेवली, उच्चार एक केला. मराठीतल्या 'ष' आणि 'श'ची गत हीच. दख्खनीने मराठीकडून 'नको'चे 'नक्को' केले, म्हणजे शब्द मराठीचा आणि जोडव्यंजन दक्षिणी थाटाचे. जोर देण्यासाठी लावायचा 'च'ही तिने उचलला: 'ऐसाइच', 'वोइच'.

जिल्ह्यातली ग्रामीण मराठी स्वतःचे नियम बाळगून आहे. इ-ए-च्या आधीचा 'व' तिथे गळतो किंवा 'य' होतो. विचार 'इचार', वेळ 'येळ', आणि पंढरपूरचा विठ्ठल 'इठ्ठल'. ओठ आणि दात लागणारा 'व' सुटून फक्त जीभ वर राहते, इतके साधे त्याचे कारण. शब्दारंभीच्या 'ए'ला 'य'ची टेकण देण्याची सवय तर तिन्ही भाषांची: मराठीत 'येक', आणि कन्नड-तेलुगूत देवी एल्लम्मा ती 'यल्लम्मा'. 'ज्ञ'चे मात्र प्रत्येकाने आपापले केले. ज्ञानेश्वरांना मराठीत 'द्न्यानेश्वर' म्हणतात, हिंदीत 'ग्यानेश्वर', तर तेलुगूतले 'ज्ञानम्' कानाला 'ग्न्यानम्'च्या जवळ जाते. शिक्षाग्रंथांतला मूळ ज्+ञ आज सहसा कुणीच काढत नाही, त्यामुळे कुणाचा शुद्ध हा वाद निष्फळ आहे.

इतक्या भाषा शेजारी नांदल्या की काय मिसळते आणि काय नाही, याचा गाजलेला अभ्यास सोलापूरच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली 'कुपवार' या गावातल्या मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूबद्दल लिहिले. वाक्यांची रचना इतकी सारखी झालेली आढळली की एका भाषेतले वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून करता यावे. शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळे राहिले. घरची भाषा कोणती, ही ओळख लोकांनी शब्दांवर तोलून धरली होती.

वेगळा ध्वनी शिकण्याची खिडकी फार लवकर मिटते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांची बाळे फरक ओळखत, दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ही क्षमता ओसरलेली असे. सोलापुरात अंगणात तीन भाषा ऐकत वाढलेले मूल या वयात तिन्हींचे खण उघडे ठेवते. मोठेपणी शिकणाऱ्याला कान आणि जीभ दोन्हींना वळण लावावे लागते, आणि त्यात कान आधी. 'वेल' आणि 'वेळ' ऐकून वेगळे काढता येऊ लागले, की जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावणे आणि पुढे झटकणे हा सरावाचा भाग उरतो.

लेखनातून बोलणे किती परत मिळते, याची कसोटी पाहायची तर सोलापूरहून दक्षिणेला, भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलला जावे. 'कूडल' या कन्नड शब्दाचा अर्थच संगम. तिथल्या देवळातला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्यात मराठीतल्या तारखेसह सापडलेल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी एक आहे, आणि त्याचा पहिला शब्द 'वाछितो'. कुणी तो 'वाचतो' असा लावतात, कुणी 'वांछितो', म्हणजे इच्छा धरतो, असा. दोन वाचनांमध्ये अंतर आहे ते एका अनुस्वाराचे आणि 'छ'मधल्या श्वासाचे.